डोंगरातल्या मुलींचं अपेंडिक्स

"तुमचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, मिसेस टॉलिव्हर. आणखी थोडा वेळ घरी अंगावर काढलं असतं, तर आज आपण बोलत नसतो," तरुण डॉक्टर म्हणाला.

ऑर्लीना टॉलिव्हरला हसू फुटलं. पोटाला ताजे टाके होते, त्यामुळे ते हसणं चांगलंच महागात पडलं, पण तिने हसून घेतलं. "अहो डॉक्टर, तुम्ही भलत्याच बाईचं मला सांगताय. माझं अपेंडिक्स मी सोळा वर्षांची होते तेव्हाच काढलंय. मला खाली नेलं होतं ना, तेव्हा."

खाली म्हणजे कुठे, ते पेंटर गॅपमध्ये, डोंगरखिंडीतल्या त्या वस्तीत, कुणाला सांगावं लागत नाही. डोंगर उतरून नदीपलीकडे गेलं की विटांच्या मोठमोठ्या इमारतींची एक सरकारी संस्था होती. मतिमंदांसाठी आणि फेफरं येणाऱ्यांसाठी, असं तिच्या फाटकावर लिहिलेलं होतं. फाटकाच्या आत मात्र ज्यांचा बाप मेलाय, ज्यांच्या घरात पीठ नाही, ज्या पोरी शाळा सोडून रानात औषधी मुळ्या खणत हिंडतात, अशांचीच भरती. शेरीफची गाडी चढण चढताना दिसली की आया पोरांना बखोटीला धरून झाडीत पळायच्या. ऑर्लीनाची आई त्या दिवशी तापाने फणफणली होती, तिला पळता आलं नाही.

गाडीतून उतरलेल्या हॅटवाल्या बाईंनी ओसरीवरच परीक्षा घेतली. दूध कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. "पायडीकडून," ऑर्लीना म्हणाली. पायडी ही त्यांची गाय. त्या घरात दूध पायडीकडूनच येत होतं, दुसरीकडून कुठून येणार? बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि ऑर्लीना मतिमंद ठरली. पायडी तिथेच अंगणात रवंथ करत उभी होती, पण तिच्याकडे वळून बघण्याइतकी अक्कल त्या शिकलेल्या बाईंना सुचली नाही.

डॉक्टर हसला नाही. त्याने खुर्ची ओढून पलंगाजवळ घेतली. "अपेंडिक्स माणसाला एकच असतं," तो म्हणाला. "आणि तुमचं काल सकाळपर्यंत जागच्या जागी होतं. मीच काढलं ते."

"मग तेव्हा काय काढलं होतं?"

"तेव्हा..." त्याने आवाज खाली आणला. "तुमच्या पोटावरच्या जुन्या व्रणावरूनच मी उघडलं. आत पाहिलं. तुमच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून बांधून टाकल्यात. मूल होऊ नये म्हणून करतात तसं. तेव्हा कायदाच होता तसा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा त्याला मान डोलावली होती. सहा वर्षांपूर्वी कुठे तो रद्द झाला. यंदा पेपरात बाहेर पडतंय सगळं. हजारो जण आहेत, मिसेस टॉलिव्हर. पुरुषही आहेत."

"मूल होऊ नये म्हणून," ऑर्लीना म्हणाली. "का?"

"त्यांना वाटायचं, अशा माणसांची पोरंही अशीच निपजतील."

"अशीच म्हणजे कशी रे पोरा?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि ऑर्लीनाला उगीचच त्याची दया आली. त्याने काही केलं नव्हतं. ज्यांनी केलं ते पेन्शन खाऊन, फुलांच्या माळा घेऊन केव्हाच मातीत गेले होते.

तो गेल्यावर ती छताकडे बघत पडून राहिली. तिला तो वॉर्ड आठवला. पांढऱ्या लोखंडी खाटांची लांबलचक ओळ, आणि प्रत्येक खाटेवर डोंगरातली एकेक पोर पोट धरून पडलेली. तुझं काय काढलं? अपेंडिक्स. आणि तुझं? अपेंडिक्स. शेजारच्या खाटेवर याच गॅपमधली आयसी बेल होती. तिचंही अपेंडिक्सच. साथ आल्यासारखं या डोंगरातल्या पोरींचंच अपेंडिक्स कसं बिघडतं, हे त्यांच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. कशाला येईल? पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं होतं. शिवाय चार दिवस संस्थेचे कपडे धुवायला लागत नव्हते आणि जेवणात कस्टर्ड होतं, त्यातच त्या खूश होत्या. हे आठवलं आणि ऑर्लीनाला रडू कोसळलं. कापल्याचं नंतर, आधी त्या कस्टर्डचं रडू आलं.

मग तिला डेल्मरची आठवण झाली आणि रडू जागच्या जागी थिजलं.

डेल्मर टॉलिव्हर तिचा नवरा. लग्नाआधी, तिच्या आईच्या ओसरीवर बसून, त्याने टोपी दोन्ही हातांत फिरवत सांगितलं होतं, "तुला एक गोष्ट आधीच सांगतो, ऑर्ली, म्हणजे मागाहून फसवलं म्हणायला नको. गालगुंड झाले होते तेव्हा मी पडून राहिलो नाही. बर्फात गाय अडकली होती, ती काढायला गेलो. माझे गालगुंड खाली उतरले. आई म्हणते, माझ्याच्याने पोरंबाळं व्हायची नाहीत."

गालगुंड झालेल्या पुरुषाने पाठ टेकून पडून राहिलं नाही तर ते खाली उतरतात आणि तो कामातून जातो, हे डोंगरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ऑर्लीनाने मग आपलंही सांगून टाकलं. मला खाली नेलं होतं. माझं अपेंडिक्स काढलं. डेल्मरने फक्त विचारलं, "आता बरी आहेस ना?" त्या एका प्रश्नावर तिने त्याच्याशी लग्न केलं.

पहिल्याच हिवाळ्यात त्याने चेरीच्या लाकडाचा पाळणा केला. आशा सुटत नाही माणसाची. पण त्यांच्या घरी काही पाळणा हलला नाही. काही वर्षांनी तो पाळणा खुराड्यात गेला आणि कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. रिकामा पाळणा हलला तर अशुभ, म्हणून डेल्मरने त्याच्या बुडाखाली लाकडी पाचर ठोकून ठेवली. पुढे गॅपमधल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी त्याने आपल्या हाताने पाळणा करून पोचवला, आणि तो घेताना लोक हसत हसत गालगुंडाचं विचारायचे. तोही हसायचा. इतक्या वर्षांत थंडीच्या एकाही सकाळी त्याने ऑर्लीनाला आधी उठू दिलं नाही. चूल तो पेटवायचा, तिचे बूट चुलीशी धरून गरम करायचा. या बाईचं आपण नुकसान केलंय, हे त्याच्या मनात घर करून बसलेलं होतं. ऑर्लीनाला ते कळत होतं. "नसू देत मुलं, काही अडलंय का?" असं ती म्हणायची, पण तो मान हलवायचा आणि उद्या पुन्हा बूट गरम करायचा.

आता त्याला काय सांगायचं? नुकसान त्याने केलंच नव्हतं, तिच्याबरोबर आलं होतं, हे? त्याची आई त्याला फॅनी एकर्सशी लग्न कर म्हणून मागे लागली होती. फॅनीला पुढे सात पोरं झाली. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आला तेव्हा ऑर्लीनाने एकच विचारलं, "गालगुंडांनी पुरुषाला मूल होत नाही, हे खरं का?"

"क्वचित," तो म्हणाला. "दहातल्या नऊ जणांना काहीही होत नाही."

"मग माझ्या नवऱ्याला सांगा, माझं पित्ताशय काढलं."

"का?"

"अपेंडिक्स म्हणालात तर तो विचारेल, ते तर कधीच काढलंय ना? आणि मग मला सगळं सांगावं लागेल."

डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. "तुमच्या पोटातून काय काढलं, याबद्दल एका डॉक्टरने खोटं सांगून झालंय," तो म्हणाला. "दुसरा मी होणार नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर मी काहीच बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. बाहेर बाकावर डेल्मर बसला होता, शेजारी त्याची थोरली बहीण झेला. तोंडाने फटकळ, पण कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी येऊन धडकणार ती हीच. डॉक्टर म्हणाला, तुमच्या मिसेस बऱ्या होतील. झेला म्हणाली, बायकांचं दुखणं असेल, पुरुषांनी चौकशा करू नयेत. डेल्मरने चौकशी केली नाही.

घरी आल्यावर त्याने ऑर्लीनाला काडी उचलू दिली नाही. स्वयंपाक तो करायचा, आणि त्याची ग्रेव्ही इतकी घट्ट व्हायची की तिच्यात चमचा उभा राहायचा. "ही खायची का भिंतीला लावायची?" असं ती विचारायची. एरवीचं सगळं नेहमीसारखं होतं, म्हणूनच तिला सहन होत नव्हतं. तो बूट गरम करून आणायचा आणि तिला वाटायचं, आपण चोरीचं घालतोय.

एका दुपारी ती हळूहळू चालत खुराड्यात गेली. डेल्मर अंडी गोळा करत होता. "तुला कुणी उठायला सांगितलं?" तो ओरडला.

"डेल्मर, त्यांनी माझं अपेंडिक्स काढलं."

"माहितीये मला. आपलं लग्न व्हायच्या आधी."

"नाही. आता काढलं. या महिन्यात."

मग तिने सगळं सांगितलं. थांबत थांबत, कोंबड्यांकडे बघत. वॉर्ड, खाटा, नळ्या, कायदा. डॉक्टर गालगुंडांबद्दल काय म्हणाला तेही सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. डेल्मर पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या हातात अजून एक अंडं होतं आणि ते कुठे ठेवावं ते त्याला सुचत नव्हतं.

"म्हणजे माझं..." तो म्हणाला.

"बहुतेक काही झालेलंच नव्हतं. फॅनी एकर्सशी लग्न केलं असतंस तर आज घर भरलेलं असतं तुझं."

डेल्मरने यावर खरोखरच विचार केला. "आणि फॅनीची बडबड ऐकत म्हातारा झालो असतो," तो शेवटी म्हणाला.

ऑर्लीनाला हसावं की रडावं ते कळेना. त्याने अंडं खिशात ठेवलं, उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो चिडला होता. एवढ्या संसारात तिने त्याला चिडलेलं दोनदाच पाहिलं होतं, आणि तेही एका घोड्यावर.

"माझं काही बिघडलेलं नव्हतं," तो म्हणाला. "आणि तुझंही नव्हतं. तुझं बिघडवलं. ज्यांनी बिघडवलं ते कुठे राहतात?"

"स्मशानात राहतात आता."

"मग हातातून सुटले." मग त्याने विचारलं, "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. लोकांचं तुला माहितीये. आज हळहळतील आणि उद्या म्हणतील, डोक्यात कमी होती म्हणूनच कापली असणार. झेलाच्या तोंडाला तर कुलूपच नाही. माझ्यावरच राहू दे ते. मला सवय आहे."

तिने मान डोलावली. तेव्हा तिला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोला. जाता जाता डेल्मरने चेरीच्या पाळण्याखालची पाचर बुटाच्या टाचेने ठोकून काढली. पाळणा एकदा हलला आणि आतली खुडूक कोंबडी संतापून ओरडली. "रिकामा नाहीये," डेल्मर तिला म्हणाला, "गप बस."

मे महिन्याच्या अखेरीला कबरी सजवायचा रविवार आला. त्या दिवशी सगळा पेंटर गॅप टेकडीवरच्या दफनभूमीत जमतो. गवत काढायचं, दगड सरळ करायचे, फुलं ठेवायची, एखादं भजन म्हणायचं, आणि मग झाडाखालच्या लांब फळ्यांवर जेवण मांडायचं. चिकन, पिठाचे उकडलेले गोळे, मसालेदार अंडी, मक्याचा पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. मेलेल्यांच्या शेजारी बसून जिवंतांनी पोटभर खायचं, यात इथे कुणाला वावगं वाटत नाही.

आयसी बेल सकाळपासून कोपऱ्यातल्या छोट्या कबरी साफ करत होती. तान्ह्या बाळांच्या त्या कबरी, कुणाकुणाच्या. तिच्या स्वतःच्या बाळाची तिथे एकही नव्हती. मूल होत नाही म्हणून तिचा नवरा लूथर तिला सोडून गेला, दुसरी केली, चार पोरं काढली. त्यानंतर आयसी दर वर्षी या कबरी घासायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती घासते म्हणून बाकीच्यांनी त्याकडे बघणं सोडून दिलं होतं. ऑर्लीनाने तिला लांबून पाहिलं आणि नजर वळवली. एवढ्या दिवसांत ती आयसीकडे गेली नव्हती. काय सांगणार होती जाऊन?

जेवणाच्या वेळी झेलाच्या नातीचं बाळ आणलं. डेल्मरने केलेला नवा पाळणा झाडाखाली ठेवला होता, त्यात बाळाला निजवलं. सगळे भोवती जमले. "काय सुबक केलाय, डेल्मर आजोबा!" नात म्हणाली.

"सुबक करायचाच तो," झेला हातात डाव घेऊन तिकडून ओरडली. "दुसऱ्याच्या पोरांसाठी करून करून हात बसलाय. बाबा रे, त्या वेळी त्या गाईला मरू दिलं असतंस आणि अंथरुणात पडून राहिला असतास, तर एखादा स्वतःच्या घरीही ठेवला असतास!"

सगळे हसले. झेलाच्या मनात वाईट नव्हतं. हा विनोद गॅपमध्ये इतका जुना झाला होता की त्याशिवाय नव्या पाळण्याचं उद्घाटन झाल्यासारखं वाटायचं नाही.

डेल्मरही हसला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "पडून राहायला हवं होतं."

ऑर्लीनाने हे वाक्य आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण तेव्हा तो ते खरं समजून म्हणायचा. आज त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने तेच, त्याच हसऱ्या तोंडाने म्हटलं, आणि बाळाचं पांघरूण सारखं करायला वाकला. तिला त्याचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की हातातली थाळी खाली ठेवावी लागली.

"झेला," ती म्हणाली, "त्याच्याकडे काही कमी नव्हतं."

"अगं, थट्टा करतेय मी."

"पुष्कळ झाली. गालगुंडांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं. माझं बिघडवलं होतं. मला खाली नेलं, अपेंडिक्स म्हणून सांगितलं, आणि कधीच मूल होणार नाही असं करून पाठवलं. मला विचारलं नाही. आईला विचारलं नाही. माझं अपेंडिक्स आत्ता यंदा, हॉस्पिटलमध्ये निघालं. इतकी वर्षं पोटातच होतं ते."

"ऑर्ली," डेल्मर हळूच म्हणाला.

"नको, बोलू दे. मी डोक्यात कमी आहे असं ज्याला म्हणायचंय त्याने आत्ता, माझ्या तोंडावर म्हणावं. दूध पायडीकडून येत होतं, आणि ते मी आजही तसंच सांगेन."

पायडीचं कुणाला कळलं नाही, पण बाकीचं कळलं. झेलाच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला आणि रस्सा फळीवर ठिबकत राहिला. तिला तोंडात शब्द सापडत नाही, असं गॅपने पहिल्यांदा पाहिलं. ती भावापाशी आली. त्याच्या गालावर एक चापट मारली, हलकी, लहानपणी मारत असेल तशी. "मूर्खा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "एवढी वर्षं मी बोलत राहिले आणि तू हसत राहिलास."

कबरींकडून आयसी बेल आली. हात मातीने भरलेले होते, गुडघेही. ती कधी आली, किती ऐकलं, ते ऑर्लीनाला कळलं नाही. कळलं तेव्हा ती फळीच्या त्या टोकाला उभी होती, आणि तिचा मातीचा हात झग्यावरून पोटावर, बेंबीच्या खाली टेकलेला होता.

"ऑर्ली," तिने विचारलं, "माझंही अपेंडिक्सच काढलं होतं ना गं? तुझ्या शेजारच्या खाटेवर."

खोटं सांगायला अजून वेळ होता. ऑर्लीना फळीला वळसा घालून तिच्याजवळ गेली आणि तिचा दुसरा हात धरला.

"हो," ती म्हणाली. "दोघींना सांगितलं एकच, आणि केलंही एकच."

"लूथर जाताना म्हणाला होता, देवाचा कोप आहे तुझ्यावर. तेव्हापासून मी देवाची माफी मागतेय. कशाची ते माहीत नव्हतं, तरी मागत होते."

"मला माहितीये."

आयसीने मान हलवली. कोपऱ्यातल्या त्या छोट्या, घासून पांढऱ्या झालेल्या दगडांकडे एकदा वळून पाहिलं. मग पोटावरचा हात न काढता तिने विचारलं, "म्हणजे माझं अपेंडिक्स अजून माझ्यात आहे?"

"आहे."

"चला," आयसी म्हणाली, "तेवढं तरी ठेवलं त्यांनी."